निर्वासित कुटुंबांच्या सोबतीला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा गट छोटा आहे. कुर्ला-चेंबूर पट्ट्यातल्या काही गृहिणी, दोन निवृत्त शिक्षिका, एक बँकेतून निवृत्त झालेले काका आणि कॉलेजातली चार मुलं. दर मंगळवारी दुपारी चार वाजता आम्ही निर्वासित कुटुंबांकडे जातो किंवा ती आमच्याकडे येतात. सामील व्हावंसं वाटणारे लोक फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. घाई असेल तर प्रश्न ४ आणि १३ तेवढे नक्की वाचा.

१. निर्वासित म्हणजे नेमकं कोण? मुंबईत असे लोक खरंच राहतात का?

युद्ध, छळ किंवा जिवाची भीती यामुळे ज्याला देश सोडावा लागला आणि ज्याला परत जाता येत नाही, तो निर्वासित. पोटापाण्यासाठी आलेला तो स्थलांतरित. धरणाखाली गाव गेलं पण देश तोच राहिला, तो विस्थापित. बोलताना आपण हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. पण कागदोपत्री त्यांच्यात फार अंतर आहे.

मुंबईत अशी मोठी वस्ती नाही. दिल्लीत जास्त लोक आहेत, कारण त्यांच्या नोंदणीचं कार्यालय तिथे आहे. इथे अफगाणिस्तान, येमेन, सोमालिया अशा देशांतली कुटुंबं विखुरलेली आहेत. आमचा संबंध मुख्यतः अफगाण कुटुंबांशी येतो, त्यामुळे पुढची बरीच उदाहरणं त्यांचीच आहेत. सगळेच रात्रीच्या अंधारात सीमा ओलांडून आलेले नसतात. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या ताब्यात गेलं, तेव्हा काहीजण शिक्षणासाठी किंवा उपचारांसाठी आधीच भारतात होते. परतीचं तिकीट कपाटात असताना ते निर्वासित झाले.

२. त्यांचं इथे राहणं कायदेशीर आहे का? मदत केली म्हणून आम्ही अडचणीत येऊ का?

निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आणि १९६७ चा त्याचा पूरक करार, या दोन्हींवर भारताची सही नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेच्या तमिळ निर्वासितांचं काम केंद्र सरकार स्वतः पाहतं. अफगाण आणि इतर बऱ्याच जणांची नोंद दिल्लीत, संयुक्त राष्ट्रांच्या यूएनएचसीआर या संस्थेकडे होते. तिथून मिळणारं कार्ड महत्त्वाचं असतं. पण ते भारत सरकारचं ओळखपत्र नाही आणि व्हिसाही नाही, हे दोन्ही बाजूंनी नीट समजून घ्या.

शिकवणं, दवाखान्यात सोबत जाणं, डबा देणं यात काही गैर नाही. मात्र कुणाला लपवून ठेवणं, खोटे कागद करून देणं, "एजंट आधार काढून देतो" अशा माणसाशी गाठ घालून देणं यातलं काहीही करू नका. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला आहे. व्हिसा संपला असेल किंवा नोटीस आली असेल, तर आपल्या डोक्याने सल्ला देऊ नका, थेट वकील गाठा. विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

संविधानाचं कलम २१, म्हणजे जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, फक्त नागरिकांपुरतं नाही. भारताच्या भूमीवरच्या प्रत्येक व्यक्तीला ते लागू आहे. आजच्या बांगलादेशातून आलेल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे.

३. आम्ही डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. आमचा काय उपयोग?

फार आहे. झिम्बाब्वेच्या हरारे शहरात २००६ पासून एक उपक्रम चालतो. दवाखान्याच्या आवारात बाक ठेवलेले असतात आणि त्यावर थोडं प्रशिक्षण घेतलेल्या आज्या बसतात. मन जड झालेल्या माणसाने तिथे येऊन बोलायचं. या कामाची रीतसर चाचणी झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आज्यांशी बोललेल्या लोकांची लक्षणं स्पष्ट कमी झाली होती. आपल्या शेजारी गोव्यातही सामान्य लोकांना शिकवून नैराश्यावर मदत देण्याचं काम अनेक वर्षं झालं आहे. म्हणजे पदवी नसलेला माणूस योग्य पद्धतीने वागला तर खरी मदत करू शकतो.

आमच्या अनुभवातली पद्धत एका वाक्यात सांगायची तर, सांगितलेल्या दिवशी सांगितलेल्या वेळी जायचं. या लोकांचं आयुष्य एका दिवसात उलटंपालटं झालेलं असतं. सरकार गेलं, नोकरी गेली, फोनमधले निम्मे नंबर बंद झाले. अशा माणसाच्या आठवड्यात "मंगळवार, चार वाजता" ही एक गोष्ट पक्की असली की तो तिच्याभोवती बाकीचा आठवडा लावू लागतो. हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. एका जुलैमध्ये पाणी तुंबलं, हार्बर लाइन बंद पडली आणि आम्ही दोघी घरी परत फिरलो. पावसामुळे आलो नाही हे कुणालाही कळेल, असं धरून आम्ही फोन केला नाही. जिच्याकडे जायचं होतं ती बाई संध्याकाळी सातपर्यंत चाळीच्या दारात छत्री धरून उभी होती. पुढच्या मंगळवारी तिने दार उघडलं, पण चहा ठेवला नाही. ती आमची चूक होती आणि ती भरून यायला दोन महिने लागले. तेव्हापासून नियम केला : येता येणार नसेल तर चारच्या आधी फोन जायलाच हवा.

४. पहिल्या भेटीत काय बोलायचं? त्यांच्यावर काय गुदरलं ते विचारायचं का?

नाही. हे विचारायचं नाही. पहिल्या भेटीत नाही आणि दहाव्या भेटीतही नाही.

नवीन येणाऱ्यांना हे सर्वात अवघड जातं. आपल्याकडे "मन मोकळं कर, बरं वाटेल" असं म्हणायची सवय आहे. मैत्रीत ते खरंही असतं. पण आघातातून गेलेल्या माणसाला परक्यासमोर सगळं पुन्हा सांगायला लावलं, तर तो त्या क्षणात परत जाऊन पडतो. आघातानंतर एका बैठकीत सगळं बोलून घेण्याची एक पद्धत पूर्वी सर्रास वापरली जायची. जागतिक आरोग्य संघटना आता ती वापरू नका असं सांगते. त्याऐवजी तिच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत तीन साध्या गोष्टी दिल्या आहेत : पाहा, ऐका, जोडून द्या. काय गरज आहे ते पाहा, तो सांगेल तेवढं ऐका, आणि गरजेच्या माणसाशी किंवा सेवेशी त्याची गाठ घालून द्या.

शिवाय या लोकांनी आपली कहाणी आधीच कितीतरी टेबलांसमोर सांगितलेली असते. नोंदणीच्या मुलाखतीत तर तारीख इकडची तिकडे झाली तरी शंका घेतली जाईल, ही भीती असते. तुम्ही प्रश्न विचारू लागलात की तुम्हीही त्यांना आणखी एक टेबल वाटता.

मग बोलायचं काय? दूध कुठे चांगलं मिळतं, पाणी किती वाजता येतं, मुलाच्या वर्गात बाई कशा आहेत. भाजी निवडायला घ्या. एका घरी आम्ही कणीक मळायला बसलो होतो. नानसाठी त्या घरातली बाई पीठ आंबवून ठेवते आणि आपण पोळीची कणीक तेल लावून झाकतो, यावरच अर्धा तास गेला. पोळीला पदर सुटलेला पाहून ती पहिल्यांदा हसली. काबूलमधलं तिचं नाव, गाव, घरातली माणसं, काहीही आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. पाच महिन्यांनी, लसूण सोलता सोलता, तिने आपल्या भावाबद्दल दोन वाक्यं सांगितली. आम्ही "हो" म्हणालो आणि लसूण सोलत राहिलो.

कुणी स्वतःहून सांगू लागलं तर अडवू नका. ऐका, तपशील खोदू नका, "विसरून जा आता" म्हणू नका, आणि आपल्या घरातल्या दुःखाची गोष्ट लगेच जोडू नका.

५. आघाताची लक्षणं ओळखायची कशी?

निदान करणं आपलं काम नाही, लक्ष ठेवणं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार, संघर्षग्रस्त भागांतल्या दर पाचांपैकी साधारण एका माणसाला कोणता ना कोणता मानसिक आजार असतो. याचा अर्थ असाही आहे की बाकीचे चार जण दुःखी असतील, थकलेले असतील, पण आजारी नसतील. प्रत्येक रडणाऱ्या माणसाला रुग्ण ठरवू नका.

झोप न लागणं, भयानक स्वप्नं, छोट्या आवाजाने दचकणं, भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करूनच बसणं, रात्री दिवा मालवू न देणं, गॅसवर काहीतरी ठेवून विसरणं, एकदम राग येणं, असं दिसू शकतं. बऱ्याच जणांचं मन शरीरातून बोलतं : डोकं दुखतं, छातीत दडपण येतं, पोटात गोळा उठतो. दारी भाषेत, म्हणजे अफगाणिस्तानातल्या फारसीत, "दिल तंग" असं म्हणतात. शब्दशः पाहिलं तर हृदय आवळलेलं. आपण "जीव घुसमटतो" किंवा "कशात जीव रमत नाही" म्हणतो तसंच ते. "तुम्हाला डिप्रेशन आहे का" या प्रश्नावर मान नकारार्थी हलेल, पण "जीव लागतो का इथे" यावर खरं उत्तर मिळेल.

असं महिनाभराहून जास्त चाललं, खाणं-अंघोळ सुटली किंवा मुलांकडे दुर्लक्ष होऊ लागलं, तर डॉक्टर हवा (प्रश्न ९). मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी हालचाल करा (प्रश्न १३).

६. फटाके आणि ढोलताशांच्या वेळी काय करायचं? मुंबईत तर वर्षभर आवाज असतो.

हा प्रश्न ऑगस्टपासून दर आठवड्याला येतो, आणि खरंच महत्त्वाचा आहे.

पहिल्या वर्षी आमच्या हे डोक्यातच आलं नाही. अनंत चतुर्दशीला गल्लीतून मिरवणूक निघाली, ताशा कडाडला आणि नऊ वर्षांचा एक मुलगा खाटेखाली शिरला. दोन्ही तळवे कानांवर आणि डोळे उघडे. तो रडत नव्हता. त्याचा बाप पाहुण्यांसमोर हसत होता आणि हसताना त्याचा चहाचा कप बशीवर वाजत होता. मुलाला ओढून बाहेर काढायला कुणीतरी वाकलं, तेव्हा आमच्यातल्या एका काकूंनी त्याला थांबवलं. त्या स्वतः खाटेशेजारी फरशीवर बसल्या आणि मिरवणूक जाईपर्यंत हळू आवाजात सांगत राहिल्या : हा ढोल आहे, ही माणसं नाचतायत, आता कोपऱ्यावर गेली, आता लांब गेली.

आता आम्ही आधीच तयारी करतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांच्यासमोर खुणा करतो : दहीहंडी, गणपती, दिवाळी, आणि ३१ डिसेंबरची मध्यरात्र, कारण तेव्हा बंदरातल्या जहाजांचे भोंगे एकदम वाजतात. गणपतीआधी मंडळाची मुलं सराव करतात, तेव्हा दिवसाउजेडी मुलांना तिथे नेतो. मंडळाला विनंती केली तर मुलं टिपरू हातात देतात. ज्या ढोलावर आपण स्वतः टिपरू मारलं, त्याचा आवाज नंतर तेवढा परका राहत नाही. क्रिकेटचा सामना जिंकला की अचानक फटाके वाजतात, त्याला मात्र तयारी नाही. म्हणून सामन्याच्या रात्री एक फोन करून ठेवतो.

त्या क्षणी काय करायचं? अंगाला हात लावू नका, आधी विचारा. समोरून, दिसेल अशा जागी बसा. पाय फरशीवर टेकवायला सांगा. मग आजूबाजूच्या पाच दिसणाऱ्या वस्तू, चार हाताला लागणाऱ्या, तीन ऐकू येणारे आवाज, दोन वास आणि एक चव, असं मोजायला लावा. पंख्याची घरघर, शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास, हातातल्या स्टीलच्या पेल्याचा गारवा. माणूस त्या दुसऱ्या जागेवरून या खोलीत परततो.

आवाजासारखाच गणवेशही. रेल्वे पोलीस, तिकीट तपासनीस, इमारतीचा वॉचमनसुद्धा. लोकलने पहिल्यांदा जाताना गर्दीची वेळ टाळा, तिकीट त्यांच्याच हातात द्या, आणि तपासनीस दिसला की तो काय विचारील ते आधी सांगून ठेवा.

७. भाषेचं काय? आम्हाला दारी येत नाही आणि त्यांना मराठी.

बहुतेकांना थोडंफार हिंदी कळतं, त्यावर सुरुवात होते. पण मराठी जरूर शिकवा. ती शेजाऱ्यांची भाषा आहे. रेशनच्या रांगेत नसली तरी नळाच्या रांगेत ती लागतेच. आमच्या एका शिक्षिकेने भिंतीवर मोठा कागद लावून दोन्ही भाषांत जवळपास सारखे असलेले शब्द लिहायला सुरुवात केली : दरवाजा, जमीन, बाजार, दुकान, कागद, हवा, गरम. फारसीतून मराठीत आलेले हे शब्द त्या बायकांनी ऐकले आणि यादी त्याच वाढवू लागल्या. "तुमच्याकडे आमचे शब्द आधीच आलेत," असं त्यातली एक म्हणाली.

दवाखाना, पोलीस, वकील यांच्याकडे जाताना घरातल्या मुलाला दुभाषा करू नका. मूल भाषा सर्वात लवकर शिकतं, म्हणून मोह होतो. पण आईच्या गर्भपाताचा किंवा बापाच्या मारहाणीचा तपशील मुलाच्या तोंडून वदवून घेणं क्रूर आहे. मोठा दुभाषा शोधा. तोही कोण असावा हे आधी त्यांना विचारा, कारण एकाच देशातले दोन समाज एकमेकांना घाबरून पळालेले असू शकतात.

८. मुलांना शाळेत प्रवेश मिळतो का?

मिळतो, मिळायलाच हवा. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलासाठी आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला वयानुसार वर्गात बसवून वेगळं प्रशिक्षण द्यायची तरतूदही त्यात आहे. म्हणजे ११ वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवायची गरज नाही. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. अफगाण मुलांना उर्दू माध्यमात लिपी ओळखीची वाटते, पण मुंबईतच राहायचं असेल तर मराठी किंवा इंग्रजीचा विचार करा. निर्णय आई-वडिलांचा. पहिला आठवडा शाळेच्या फाटकापर्यंत सोबत जा आणि सुटताना तिथे दिसा.

९. सरकारी रुग्णालयात आधार कार्डाशिवाय उपचार होतात का?

केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. केसपेपर काढायचा आणि ओपीडीत बसायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांचा हक्क "प्रत्येक व्यक्तीला" दिलेला आहे.

प्रत्यक्षात खिडकीवर आधार मागतात. एका रुग्णालयात आम्हाला तीन वेळा परत पाठवलं आणि चौथ्यांदा त्याच खिडकीवर, त्याच कागदांवर केसपेपर मिळाला. फरक एवढाच होता की त्या दिवशी आम्ही विभागातल्या वैद्यकीय समाजसेवकाला आधी भेटलो होतो. मोठ्या सरकारी रुग्णालयांत हे पद असतं. आधी तिथे जा. पासपोर्ट आणि यूएनएचसीआर कार्डाच्या प्रती न्या, भांडू नका, पण खिडकीसमोरून हलूही नका.

बाईचं नाव खिडकीवर तिला स्वतःलाच सांगू द्या. परक्यांसमोर घरातल्या बाईचं नाव घेणं अनेक अफगाण पुरुषांना लाजिरवाणं वाटतं. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला बायकांना उखाणा लागायचा, तिथे उलटं आहे.

फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत चालते, मराठीतूनही. आणि इथे बाळ जन्मलं तर २१ दिवसांच्या आत जन्मनोंद झालीच पाहिजे. आई-वडील कोणत्या देशाचे हे त्यात आड येत नाही. त्या मुलाच्या आयुष्यातला पहिला पक्का कागद तोच असतो.

१०. पैसे द्यावेत की वस्तू?

एकट्याने, हातात रोख पैसे देऊ नका. दिलेत की नातं बदलतं आणि पुढच्या मंगळवारी दोन्हीकडे अवघडलेपण येतं. गरज असेल तर गटाच्या वहीत लिहून, गटातर्फे द्या. वापरलेले कपडे देताना स्वतःच्या बहिणीला देऊ का, हे स्वतःला विचारा. परदेशात राहणारा भाचा किंवा मैत्रीण पैसे पाठवतो म्हणाले तर आधी सल्ला घ्या. संस्थेने परदेशी निधी घ्यायचा तर २०१० च्या कायद्याखाली नोंदणी लागते.

घ्यायलाही शिका. त्यांनी पुढे केलेला हिरवा चहा आणि बदाम नाकारू नका. घरात आलेल्याला काही देता येणं ही त्यांच्याकडे उरलेली फार मोठी गोष्ट असते.

११. आम्ही त्यांना काम देऊ शकतो का? खोली भाड्याने?

फक्त यूएनएचसीआर कार्डावर नोकरी करण्याचा कायदेशीर हक्क मिळत नाही. व्हिसा कोणता आहे त्यावर सगळं ठरतं, म्हणून आधी वकील (प्रश्न २). बेकायदा कामात पगार बुडवला गेला तर तक्रार करायलाही ते घाबरतात, हेही ध्यानात घ्या. खोली देणाऱ्या घरमालकाने परदेशी भाडेकरूची माहिती ठरलेल्या फॉर्मवर (पूर्वीचा "फॉर्म सी") २४ तासांच्या आत कळवायची असते. घरमालक टाळत असेल तर नंतर त्रास भाडेकरूला होतो. म्हणून आम्ही त्याच्यासोबत बसून फॉर्म भरतो.

१२. बायका-मुलं येतात, पुरुष येतच नाहीत. का?

कारण आपण त्यांना "बसा, बोला" म्हणतो. जो माणूस तिकडे अभियंता होता, दुकानदार होता, तो इथे दिवसभर खोलीत बसून असतो आणि बायको-मुलं त्याच्यापेक्षा लवकर हिंदी शिकतात. त्याला बोलायला बोलावू नका, कामाला बोलावा. आमच्या बँकेतल्या काकांनी एकाला फक्त मिक्सर दुरुस्त करायला बोलावलं. आता तो मंगळवारी टेबलाशी बसून गल्लीतल्या लोकांच्या वस्तू बघतो, हातात पेचकस असतो, आणि त्या वेळात काकांशी जे बोलायचं ते बोलतो. पुरुषांनी पुरुषांसोबत जावं, हा आमचा साधा नियम आहे.

१३. त्यांनी विश्वासाने सांगितलेलं कुणालाच सांगायचं नाही का? अपवाद आहेत?

सांगायचं नाही. नवऱ्याला नाही, गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, "नाव न घेता" सोसायटीतही नाही. मुंबईत एका इमारतीत एकच अफगाण कुटुंब असेल तर नाव न घेऊन काय उपयोग?

अपवाद तीन आहेत आणि ते पहिल्या काही भेटींतच त्यांना सांगून ठेवा. एक, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. दोन, कुणी जीव द्यायची भाषा करत असेल तर एकटं सोडू नका. "जीव द्यावासा वाटतो का" असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. घरातली औषधं आणि धारदार वस्तू दूर करा, १४४१६ ला फोन करा, धोका समोर असेल तर ११२ किंवा थेट रुग्णालयाचा अपघात विभाग. तीन, कुणाच्या जिवाला दुसऱ्याकडून धोका असेल तर. घरात मारहाण होत असेल तर १८१ वर महिलांसाठी मदत मिळते, पण पुढचं पाऊल शक्यतो तिच्या संमतीने उचला.

१४. इथलेच गरीब काय कमी आहेत? यांनाच का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, पण तो खोटा नाही. आमच्यातल्या बहुतेक जणी याच वस्त्यांमधल्या आहेत, आणि शेजारच्या घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीची फी भरण्यातही त्याच पुढे असतात. एकाला ओंजळभर पाणी दिल्याने दुसऱ्याची घागर रिकामी होते, असं आम्ही पाहिलेलं नाही. शिकवणीला स्थानिक मुलंही त्याच खोलीत बसतात. मुद्दाम तसं केलं, आणि गल्लीतली कुरकुर तिथेच थांबली.

आणि हे या भूमीला नवीन नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत उतरले, आणि १९४९ मध्ये तिथेच उल्हासनगर वसलं. चेंबूर कॅम्प, सायन कोळीवाड्यातली पंजाबी वस्ती यांचीही सुरुवात तशीच झाली. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यात बायका आणि मुलंच जास्त होती. चेंबूरच्या आमच्या एका सिंधी आजींना हे काम कधी समजावून सांगावं लागलं नाही. पहिल्या दिवशी त्या पिशवीतून पापड घेऊन आल्या आणि त्या बाईशेजारी जाऊन बसल्या.

१५. आमच्या भेटींचे फोटो टाकले तर आणखी लोक जोडले जातील ना?

फोटो नाही. पाठमोराही नाही. मागे राहिलेल्या नातेवाइकांचा जीव त्यामुळे धोक्यात येऊ शकतो. मुलाने काढलेलं चित्रसुद्धा विचारल्याशिवाय टाकू नका.

१६. घरी आल्यावर मला झोप लागत नाही, सारखं तेच आठवतं. मी या कामाला लायक नाही का?

लायक आहात, दमलेल्या आहात. दुसऱ्याचं दुःख जवळून ऐकलं की ते आपल्या अंगात उतरतं. म्हणून आम्ही कुणालाही एकटं पाठवत नाही, जोडीनेच जायचं. परतताना स्टेशनबाहेर दहा मिनिटं चहा घ्यायचा आणि "आज काय जड गेलं" एवढंच एकमेकांना विचारायचं. तपशील घरी न्यायचे नाहीत. रात्री नऊनंतर फोन गटाच्या ठरलेल्या दोघांनीच घ्यायचा. दोन आठवडे झोप बिघडली असेल तर महिनाभर सुट्टी घ्या, पण जाण्याआधी त्या कुटुंबाला स्वतः भेटून सांगा आणि तुमच्या जागी येणाऱ्या ताईची ओळख करून द्या. न सांगता गायब होणारी माणसं त्यांनी खूप पाहिली आहेत. गरज वाटली तर १४४१६ तुमच्यासाठीही आहे.

१७. दिल्लीच्या नोंदणी कार्यालयातून फोन आला आणि कुटुंबाला दुसऱ्या देशात जायचं ठरलं. आम्ही काय करायचं?

असं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. जगभरातल्या निर्वासितांपैकी दरवर्षी एक टक्क्याहूनही कमी लोकांना अशी संधी मिळते. त्यामुळे "तुमचंही होईल" असं बाकीच्या कुटुंबांना म्हणू नका.

जाणाऱ्यांसाठी एक प्लास्टिकची फाइल करा. त्यात मुलांचं लसीकरणाचं कार्ड, शाळेचा दाखला, इथे जन्मलेल्या बाळाचा जन्मदाखला, रुग्णालयाचे सगळे केसपेपर आणि चालू औषधांची नावं मोठ्या अक्षरांत. मूळ कागद त्यांच्याकडे, प्रती तुमच्याकडे, आणि प्रती ठेवायच्या की नाही हेही त्यांनाच विचारून. निरोप समारंभ करू नका, कारण काहींना पुन्हा एकदा निरोप घेणं झेपत नाही. काही कुटुंबं न सांगताच निघून जातात. शोधत बसू नका, त्यांची कारणं असतात.

तिकडची वेळ आपल्यापेक्षा कितीतरी मागे-पुढे असेल, तरी पहिले काही मंगळवार चारच्या सुमारास फोन मोकळा ठेवा. आमचा अनुभव आहे की पहिला फोन बहुतेक त्याच वेळेला येतो.